डिझेल व सरपण यांना पर्याय : निवड कशी करावी ?

शक्तीवाचून शेती होत नाही. विहिरीचे पाणी मळ्यास देणे, घरचा स्वयंपाक करणे, काढलेली हळद शिजविणे, या प्रत्येक कामास कोठून तरी शक्ती आणावी लागते. पूर्वी ती बैलांच्या मोटेने आणि सरपणाने मिळत असे. पुढे डिझेल इंजिन, विजेचा पंप व गॅसची टाकी आली. खनिज इंधनाने शेतकऱ्यांचे कष्ट पुष्कळ हलके केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या इंधनाचा साठा मर्यादित आहे. आपल्या देशास लागणारे बहुतेक कच्चे तेल परदेशांतून आणावे लागते. शिवाय एक लिटर डिझेल जळाले म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो.

म्हणून पर्यायांचा विचार करणे अवश्य ठरते. मात्र कोणताही पर्याय सर्वस्वी फुकट नसतो. एखादा पैशांत किंमत घेतो, एखादा पाण्यात, तर एखादा जमिनीच्या कसात. ही किंमत आधी ओळखून निवड केली, तरच ती पुढे अंगलट येत नाही.

उदाहरणादाखल हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथील एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. चार एकर जमीन, एक विहीर, लहानमोठी पाच जनावरे आणि एक एकर हळद, असा त्याचा प्रपंच आहे. या कुटुंबाने शक्तीचा हिशेब कसा करावा, ते क्रमाने पाहू.

पाणी उपसणे

पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन ताशी सुमारे एक लिटर तेल घेते. आठ तास पाणी दिले की आठ लिटर तेल संपते. या आकड्यास त्या दिवशीच्या भावाने गुणले आणि हंगामातील पाण्याच्या पाळ्या मोजल्या, म्हणजे खर्चाचा अंदाज घरीच बांधता येतो. इंजिनाचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल. ते रात्री, ढगाळ हवेत किंवा नदीकाठी, जेथे हवे तेथे व हवे तेव्हा चालते.

विजेचा पंप चालविण्यास सोपा असतो. राज्य शासनाने एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी पाच वर्षांची मोफत वीज योजना जाहीर केली. तथापि शेतीची वीज अनेक ठिकाणी आळीपाळीने दिवसा व रात्री येते. रात्रीच्या पाळीस अंधारात, थंडीत, विंचूसापाच्या भयात पाणी द्यावे लागते, आणि हा धोका बिलात दिसत नाही.

तारेतून येणारी वीज आपोआप स्वच्छ असते, असेही समजू नये. राज्यातील विजेचा मोठा भाग कोळसा जाळून तयार होतो, आणि त्या केंद्रांना पाणीही फार लागते. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक विद्युत केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या विद्युत केंद्रात कोळसा जळत नाही. पण जलाशयाखाली जमीन जाते, आणि पाऊस कमी झाला की वीजही कमी होते.

सौर पंपास इंधन लागत नाही व पाणी दिवसाच देता येते. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली. राज्याच्या २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, अडीच ते पाच एकरांस ५ अश्वशक्तीचा आणि त्याहून अधिक क्षेत्रास ७.५ अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण ठरविलेले आहे. आपल्या उदाहरणातील कुटुंबास पाच अश्वशक्तीचा पंप मिळू शकेल. त्याच्या पट्ट्यांसाठी सावली नसलेली सुमारे अर्धा गुंठा जागा सोडावी लागेल.

सौर पंपाच्याही उणिवा आहेत. सकाळी, सायंकाळी व ढगाळ दिवशी पाण्याची धार बारीक होते. पट्ट्यांवर धूळ बसली की शक्ती घटते, म्हणून त्या वरचेवर स्वच्छ पाण्याने पुसाव्या लागतात. गारपीट, वादळ व चोरी यांपासून त्यांचे रक्षण करावे लागते.

सर्वांत मोठा धोका मात्र पंपाचा नसून विहिरीचा आहे. डिझेलला पैसे पडतात, म्हणून शेतकरी इंजिन वेळेवर बंद करतो. सूर्य किंवा मोफत वीज पैसे मागत नाही, म्हणून पंप गरजेपेक्षा अधिक वेळ चालू राहतो. मराठवाड्यातील काळ्या पाषाणात पाणी भेगांतून व मुरमाच्या थरांतून थोडेथोडेच साठते. उपसा वाढला तर शेजारची विहीर आधी व आपली नंतर कोरडी पडते. यास्तव सौर पंपाबरोबरच हळदीस ठिबक संच बसवावा आणि पाळी संपताच पंप बंद करण्याचा कटाक्ष ठेवावा.

घरचा स्वयंपाक

शेणाच्या गोवऱ्या थापून जाळणे स्वस्त वाटते; परंतु शेतात जावयाचा नत्र व सेंद्रिय अंश त्या चुलीतून उडून जातो, आणि धुराचा त्रास घरातील स्त्रियांना व मुलांना सोसावा लागतो. गोबर गॅसमध्ये तेच शेण दोनदा उपयोगी पडते. त्याचा वायू चुलीस मिळतो व मळी शेतास मिळते.

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण लागते, म्हणजे चारपाच मोठी जनावरे हवीत. पूर्ण उत्पादन असता सोळा-सतरा दिवसांत १४.२ किलोच्या एका टाकीएवढे इंधन घरी तयार होते. परंतु शेणात तितकेच पाणी कालवावे लागते, म्हणजे रोज ५० लिटर. उन्हाळ्यात जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे ही अट जड जाते. थंडीत वायू कमी निघतो. जनावरे विकली तर संयंत्र बंद पडते. आपल्या उदाहरणातील पाच जनावरांत दोन वासरे असतील, तर दोन घनमीटरचे नव्हे, लहान संयंत्रच घ्यावे.

हळद शिजविणे

हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे आणि वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाचे इंधन मात्र थोड्या दिवसांत एकदम लागते. दोन घनमीटर वायू म्हणजे दिवसाला सुमारे ७ किलो सरपण, त्यावर हळद शिजणार नाही. येथे इंधन बदलण्यापेक्षा ते वाचविणे अधिक साधते. उघड्या काहिलीऐवजी वाफेच्या कुकरमध्ये हळद शिजविल्यास सरपण व वेळ दोन्ही कमी लागतात. अनेक शेतकऱ्यांनी मिळून एक कुकर वापरला तर खर्च वाटला जातो. तुराट्या व पऱ्हाट्या सरपणास चालतात. पण शेतातील सर्वच काडीकचरा जाळला तर जमिनीस परत काहीच मिळत नाही. शिजलेली हळद पूर्वीप्रमाणे उन्हात वाळवावी. ही सूर्यशक्ती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे.

शेतात इंधन पिकविणे

२००३ नंतर देशात मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल काढण्याची मोठी आशा निर्माण झाली होती. हलक्या जमिनीत, पाण्यावाचून भरपूर बी येईल, असा समज होता. प्रत्यक्षात अशा जमिनीत उत्पन्न अपेक्षेपेक्षा फार कमी आले. उसापासून इथेनॉल तयार होते हे खरे, पण उसास पाणी किती लागते हे बागाइतदारास सांगावयास नको. ज्या पिकाच्या उत्पन्नाची व खरेदीची खात्री नाही, ते केवळ इंधनाच्या आशेने सर्व शेतात लावू नये.

निवड करण्यापूर्वी

वरील कुटुंबास एकच उत्तर पुरणार नाही. पाण्यासाठी सौर पंप व ठिबक, चुलीसाठी शेणाच्या मानाने लहान गोबर गॅस, हळदीसाठी सामाईक वाफेचा कुकर आणि अडीअडचणीस जुने इंजिन, अशी जोडणी त्यास सोयीची होईल. शेजारच्या घरी एकच जनावर असेल, तर तेथे गोबर गॅसचा आग्रह धरणे चुकीचे ठरेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी योजनेचा अर्ज भरून घेण्यापूर्वी शेतकऱ्यासह पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. काम कोणते, आणि ते वर्षातून किती दिवस चालते ?
२. चैत्र-वैशाखात विहिरीस पाणी किती तास पुरते ?
३. रोज किती शेण प्रत्यक्ष गोळा होते ? ते आठ दिवस मोजून पाहावे.
४. बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण व किती दिवसांत करील ?
५. या निवडीने जमिनीतून काय जाईल आणि परत काय येईल ?

ही उत्तरे कागदावर मांडावीत व कुटुंबातील स्त्री-पुरुषांनी मिळून निर्णय घ्यावा. अनुदान एकदाच मिळते, परंतु विहीर, जमीन व चूल यांच्याशी कुटुंबाचा संबंध रोजचा असतो.