छर्‍याच्या बंदुकीचा जोर कुठे जातो?

मेहरूणची बोरं पिकायला लागली की पोपटांचे थवे उतरतात. मेहरूण आता जळगाव शहराच्या पोटात गेले, बोरीही पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत. तरी राखणीचे दिवस आले की काही घरांत माळ्यावरची छर्‍याची बंदूक खाली येते. आधीच सांगून ठेवतो, पोपटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्यावर छर्रा झाडणे गुन्हा आहे. थवा उठवायला रिकामा डबा बडवला तरी पुरते. बंदूक ठेवा ती नेमबाजीच्या हौसेपुरती.

पण नेम धरावा तर छर्रा पत्र्याला लागून पायाशी पडतो. पूर्वी तर आरपार जाई! मग जोर गेला कुठे?

ही बंदूक म्हणजे एक पंपच समजा. नळी मोडली की आतला दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दबते आणि खिट्टीत अडकते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन बारीक भोकातून छर्‍यामागे येते. म्हणजे हवा तरी गळते आहे, स्प्रिंग तरी थकली आहे, नाहीतर छर्राच वाईट आहे.

सुरुवात छर्‍यापासून करा, त्याला पैसा लागत नाही. मागचा घेर चेपलेला छर्रा हवा धरत नाही. नळीत आपोआप घसरतो तो सैल. अंगठ्याने थोडा दाबावा लागला पाहिजे.

मग नळी जिथे मोडते तिथला वॉशर पाहा. पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी त्या सांध्यावर एका टोकाने चिकटवा आणि छर्रा घालून मातीच्या ढिगात बार काढा. कागद फडफडला तर हवा तिथूनच जाते. वॉशर बदला. तो धड असून नुसता खाली बसला असेल, तर त्याच्याखाली कागदाची चकती घातली तरी काम भागते.

जुन्या बंदुकीत दट्ट्याच्या तोंडाला चामड्याची वाटी असते, हातपंपात असते तशीच. वर्षभर पडून ती वाळते. चामड्याला चालणारे तेल दोन थेंब हवेच्या भोकातून सोडा, रात्रभर उभी ठेवा. दोनच थेंब! जास्त तेल पडले तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, डिझेल इंजिनात पेटते तसेच. मोठा आवाज आणि धूर निघतो. लोकांना वाटते जोर आला. प्रत्यक्षात स्प्रिंग नि वाटी दोन्ही खराब होतात. नव्या बंदुकीत प्लॅस्टिकची वाटी असते, तिला हे तेल देऊ नका.

ओढताना आत खरखर लागली किंवा ओढणे एकदम हलके झाले, तर स्प्रिंग मोडली किंवा बसली. रात्र रात्र ओढून ठेवलेल्या बंदुकीचे हेच होते. छर्रा न घालता चाप ओढण्याची सवयही वाईट. दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही आणि तो पुढे आपटतो. स्प्रिंग मात्र घरी काढू नका. ती आत दाबूनच बसवलेली असते, मागचा खिळा निघाला की तोंडावर येते. हे काम बंदुका दुरुस्त करणार्‍या जाणत्या कारागिराचे. त्याला जास्त कडक स्प्रिंग घालायलाही सांगू नका: २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बिनपरवाना बंदुकीला ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूल जोराची मर्यादा आहे.

छर्रा घालताना एक हात नळीवर घट्ट असू द्या. नळी उघडी असताना चाप सुटला तर ती झटक्याने वर येते आणि बोटे सापडतात. पोरांना तर तेव्हा जवळ उभे करूच नका.

दुरुस्तीआधी कपड्याच्या साबणाच्या वडीवर दहा पावलांवरून एक छर्रा मारून ठेवा, मागे मातीचा ढीग असू द्या. दुरुस्तीनंतर त्याच वडीवर, तितक्याच अंतरावरून दुसरा मारा. दोन्ही भोकांत काडी घालून खोली मोजा. फरक बोटाला कळतो.