नौकेवरील नित्यकर्म

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेसारख्या, तालमींनी, देवळांनी आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांनी गजबजलेल्या वस्तीत ज्याचे आयुष्य गेले, त्याची पाण्याशी ओळख असते ती रंकाळ्याच्या संथ विस्तारापुरती, किंवा आषाढ-श्रावणात पंचगंगा पात्र सोडून गावात शिरते तेव्हाच्या गढूळ लोंढ्यापुरती. समुद्र हा घाट उतरून जाऊन पाहून यावयाचा विषय. तथापि नौका बांधावी कशी, राखावी कशी आणि ऋतुमानाप्रमाणे वागवावी कशी, याचा राज्यकर्त्याच्या जबाबदारीने केलेला जो विचार जुन्या मराठीत आढळतो, तो याच करवीर राज्यात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात लिहिला गेला, ही गोष्ट आपण कोल्हापूरकरांनी अभिमानाने आणि थोड्या बारकाईने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी करवीरची सत्ता घाटाखाली समुद्रापर्यंत पोहोचलेली होती, आणि मालवणचे बंदर व सिंधुदुर्ग किल्ला तर १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे जाईपर्यंत कोल्हापूरकरांच्याच अमलात होते.

आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण वाचताना मनावर ठसतो तो युद्धाचा आवेश नव्हे, तर निगेची चिंता. पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा, जहाजे अवाढव्य न बांधता मध्यम आकाराची बांधावीत, आणि आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. बंदरांच्या उत्पन्नावर त्याचा भार टाकल्यास सावकारांना उपद्रव होऊन व्यापारच बुडेल, हा हिशेब त्यात स्पष्ट आहे. जहाजाला तख्ते आणि डोलकाठ्या लागतात, म्हणून सागवानासारखे लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, आणि एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मगच ते तोडावे, ही आज्ञा पुष्कळांना ठाऊक असते. तितकीच मोलाची पण कमी परिचित आज्ञा आहे ती पावसाळी छावणीची: दर्या खवळण्याच्या पुरेशा आधी आरमार सुरक्षित बंदरी आणावे, आणि ही छावणी दरसाल त्याच बंदरी करू नये, कारण कितीही बंदोबस्त केला तरी दर्यावर्दी लोकांचा काही ना काही त्रास आसपासच्या गावांना पोहोचतोच.

या छावणीचे कारण आजही बदललेले नाही. नैऋत्य मोसमी वारा आपल्या किनाऱ्यावर समुद्राकडून थेट आदळतो, आणि शिडाच्या जहाजाला अशा वाऱ्यात किनाऱ्यापासून दूर राहणे हेच सर्वांत दुष्कर. उर्वरित वर्षात पहाटेच्या मतलई वाऱ्याने बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने घरी परतण्याची जी सोय असते, ती या महिन्यांत नाहीशी होते. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आहे तशीच माणसांच्या जिवासाठीही आहे. त्या सुमारास कोकणातील होड्या ओढून वर घेतात, शाकारतात, आणि मग त्यांच्या तळाची खरी शुश्रूषा सुरू होते. खाऱ्या पाण्यातील किडे लाकूड आतून पोखरतात, शिंपल्यांसारखे कठीण कवचाचे जीव बाहेरून चिकटून नौकेची गती मंदावतात. ते खरवडून काढणे, फटी बुजविणे, तेल-रंग देणे, दोर आणि जाळी दुरुस्त करणे यांतच नारळी पौर्णिमा जवळ येते.

आधुनिक काळात याच शिस्तीची फार कठोर परीक्षा पाहिली ती म्हादेई या नौकेने. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या रानात उगम पावून गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला मिळणाऱ्या नदीचे नाव धारण करणारी ही ५६ फुटी शिडाची नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात तयार झाली. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास होता व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा, जे निवृत्तीनंतर समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत असत. त्या ध्यासाला साकार करणारे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे नौकेच्या बांधणीपासूनच तिच्याबरोबर होते, आणि त्यांच्या यशाचे अर्धे मूळ मला येथेच दिसते. कारण भर समुद्रात जो दुरुस्ती करणार, त्याला प्रत्येक खिळा-पट्टी कोठे आहे हे अंधारातही ठाऊक असावे लागते. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन येथे थांबत ते १९ मे २०१० रोजी परतले.

अशा नौकेवरचा दिवस साहसकथेतल्या दिवसासारखा नसतो. झोप सलग कधीच मिळत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी, कान वाऱ्याकडे ठेवून घ्यावी लागते. उजाडताच डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत एक फेरी होते, आणि तीत पाहावयाचे असते ते मुख्यतः घर्षण: कोणता दोर कप्पीवर झिजतो आहे, कोणती शिवण उसवू लागली आहे, तळाशी पाणी कोठून साचले. शेगडी कडीवर झुलती टांगलेली असते, म्हणून नौका कलली तरी भांडे सरळ राहते. अंथरुणाला कापडी कठडा बांधावा लागतो. खाऱ्या पाण्यात धुतलेले कापड पुरते वाळत नाही, कारण त्यात राहिलेले मीठ हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेते, आणि ही ओल महिनोन्महिने अंगाशी वागवणे हे मोठ्या वादळाइतकेच मनोबल खाणारे असावे. गोडे पाणी तर मोजून वापरावे लागते; कमांडर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये याच म्हादेईतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा करीत असताना टाकीतले पाणी नासले, तेव्हा त्यांना पावसाचे पाणी धरून ठेवावे लागले. वायुभारमापक उतरू लागला की शीड लहान करावयाचे, आणि ते ‘करावे काय?’ असा प्रश्न मनात येताच करावयाचे, कारण वारा वाढल्यावर त्या ओल्या, फडफडणाऱ्या कापडाला माणसाचे बळ पुरत नाही.

दक्षिण गोलार्धात चाळीस अक्षांशांच्या खाली पश्चिमेच्या वाऱ्याला अडविणारी भूमी जवळजवळ नाहीच. म्हणून तेथील लाटा अखंड वाढत येतात, आणि ५६ अक्षांशांजवळचे केप हॉर्न तेथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पौष-माघात, ओलांडणे इष्ट ठरते. म्हादेईची धाकटी बहीण तारिणी हिच्यातून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या, तेव्हा जानेवारीत पॅसिफिक महासागरात त्यांना नऊ-दहा मीटर उंचीच्या लाटा सोसाव्या लागल्या; आणि सर्व संकटे मागे पडली असे वाटत असता सुकाणूत बिघाड होऊन मॉरिशसच्या पोर्ट लुईसला दुरुस्तीसाठी थांबावे लागले. सुमारे २१,६०० सागरी मैलांचा प्रवास करून त्या २१ मे २०१८ रोजी गोव्यात पोहोचल्या. या तारखा मला फार बोलक्या वाटतात: दोंदे १९ मेला परतले, या सहाजणी २१ मेला, आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या दिलना के. व रूपा ए. या दोघी अधिकारी २९ मे २०२५ रोजी, म्हणजे अमात्यांनी आरमार छावणीस आणावयास सांगितले त्याच हंगामात, मोसमी वारा किनाऱ्याला लागण्याच्या सुमारास. या दोघींनी नेली ती नौकाही तारिणीच होती, २०१७ साली नौदलात दाखल झालेली. मधल्या सात-आठ वर्षांत कारखान्यातल्या आणि नौकेवरच्या किती हातांनी तिचे दोर बदलले, तळ खरवडला, शिडे शिवली, त्यांची नावे कोणत्याही समारंभात वाचली गेली नाहीत, पण ती नौका पुन्हा केप हॉर्न ओलांडून आली ती त्यांच्याही हातांनी.