झिजलेल्या धातूचे संगणकीय चित्रण

पंचवटीतील जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली तांब्यापितळेची भांडी अद्याप आढळतात. परंतु ती हळूहळू मोडीत निघत आहेत. तत्पूर्वी त्यांच्या संगणकीय प्रतिकृती करून ठेवाव्यात, हा विचार स्तुत्यच होय. मात्र अशा प्रतिकृतींत एक दोष वारंवार दिसतो. आकार अचूक असतो, पण धातू प्लॅस्टिकसारखा भासतो आणि झीज मन मानेल तशी विखुरलेली असते. झीज हा भांड्याच्या वापराचा पुरावा आहे. ती कल्पनेने रंगविली, तर पुढील अभ्यासकाच्या हाती खोटा दस्तऐवज पडेल.

प्रथम चकाकीचा विचार करू. प्लॅस्टिकचे भांडे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सुमारे ४ भाग पृष्ठावरूनच परत पाठविते, व ही चकाकी पांढरी असते. भांड्याचा रंग दिसतो तो आत शिरून पुन्हा बाहेर पडलेल्या प्रकाशामुळे. धातूत शिरलेला प्रकाश मात्र तेथेच शोषला जातो. म्हणून तांब्याचा रंग हा त्याच्या परावर्तनाचाच रंग होय. तांबड्या प्रकाशाचे शेकडा सुमारे ९५, हिरव्याचे ६४ व निळ्याचे ५४ भाग तो परत फेकतो. कुक व टॉरन्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा भेद दाखविण्यासाठी तांब्याच्याच फुलदाणीचे चित्र निवडले होते, हे लक्षणीय आहे. पृष्ठ म्हणजे असंख्य सूक्ष्म आरशांचा समूह, असे त्यांनी मानले. या आरशांच्या दिशा जितक्या विस्कळित, तितकी चकाकी पसरट व मंद. आजच्या ब्लेंडरसारख्या प्रणालीत धातुत्व आणि खरखरीतपणा ही जी दोन मूल्ये द्यावी लागतात, त्यांचे मर्म हेच.

आता तांब्यावर चढणारे हिरवे जंगाल घ्या. ते तांब्याचे लवण आहे, धातू नव्हे. त्याचे धातुत्व शून्यच धरले पाहिजे. विद्यार्थी पुष्कळदा ‘अर्धवट गंजलेले’ म्हणून अर्धे मूल्य देतात. परंतु अर्धा धातू असा पदार्थ निसर्गात नाही. दोन पदार्थांच्या सीमारेषेवर तेवढे मधले मूल्य क्षम्य ठरते. पितळी पातेल्याच्या आतील कल्हईची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे कथिलाचा थर झिजून पितळ उघडे पडते, म्हणजे दोन्ही बाजूंस धातूच असतो. बदलतो तो रंग.

खरा प्रश्न झीज कोठे दाखवावी हा आहे. चिंच व राख लावून रोज घासलेली कळशी काठावर, पोटाच्या फुगवट्यावर आणि मठारकामाच्या उंचवट्यांवर उजळते. गळ्याखालच्या खाचेत, जेथे बोटे पोचत नाहीत, तेथे काळिमा साचतो. पृष्ठाची वक्रता मोजून असे उंचवटे व खाचा संगणकास आपोआप वेगळ्या काढता येतात. शिवाय घासणारा हात कळशीभोवती फिरतो. त्यामुळे सूक्ष्म चरे आडवे पडतात आणि चकाकी उभी ताणली जाते. ही बारीक गोष्ट साधली की चित्रात एकदम जिवंतपणा येतो.

परंतु हाच नियम सर्वत्र लावणे धोक्याचे आहे. पंचवटीतच गोदातीरी १७४७ साली बांधलेले नारोशंकराचे मंदिर आहे. त्याच्या तटाच्या प्रवेशद्वारावर १७३९ च्या वसईविजयाची स्मृती असलेली पोर्तुगीज घंटा आहे. ती कोणी चिंचेने घाशीत नाही. तिचा नियंता हवा व पाऊस. तेथे वक्रतेचा नियम लावून कडा उजळ दाखविल्या, तर ते असत्य ठरेल. डॉर्सी व हॅनरहन यांनी १९९६ साली धातूवरील कळंकाच्या चित्रणासाठी थर चढविणे, झिजविणे व घासणे अशा क्रियांचा क्रम सुचविला. आपणही चित्रापूर्वी वस्तूचा असा क्रम लिहून काढावा. कळशी कशाने घासली जाई, हे घरातील वृद्ध स्त्रियांस विचारावे. जेथे छायाचित्राचा आधार मिळत नाही, तेथील अनुमानित झीज स्वतंत्र थरात ठेवून तशी नोंद करावी, म्हणजे ती केव्हाही काढून टाकता येईल.