साखर आणि आखडलेला खांदा

सुरुवात बहुधा ब्लाउजच्या मागच्या हुकापासून होते. हात पाठीमागे जातो, पण कमरेच्या वर चढत नाही. पुरुषांना तेच पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढताना जाणवतं. मग माळ्यावरचा डबा, लोकलमधली वरची कडी, वेणी घालणं, असं एकेक काम त्या हाताच्या हद्दीबाहेर जातं. रात्री चुकून त्या कुशीवर वळलं की अशी कळ येते की झोप उडते. घरात कारणं शोधली जातात: गार वारा लागला, सिलिंडर उचलला, उशी उंच आहे. तेल चोळून होतं, शेक देऊन होतो, दोन-तीन महिने निघून जातात. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञ एक्स-रे काढतात, तो स्वच्छ येतो, आणि ते विचारतात, “शुगर आहे का?”

दुखतोय खांदा आणि हे साखरेचं काय विचारतायत, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रश्न अगदी जागेवरचा आहे. एरवी शंभरातल्या दोन ते पाच जणांना आयुष्यात कधीतरी ‘फ्रोझन शोल्डर’ होतो, बहुतेकांना चाळिशी ते साठीच्या दरम्यान, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मधुमेह असेल तर हे गणित बदलतं. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मधुमेहींमध्ये हे प्रमाण सरासरी १३.४ टक्के आढळलं, म्हणजे मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे पाचपट. उलट बाजूने पाहिलं तर खांदा आखडलेल्यांपैकी ३० टक्के लोकांना मधुमेह होता. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार २०२१ मध्ये भारतात १०.१ कोटी मधुमेही होते. आढाव्यातलं प्रमाण इथे जसंच्या तसं लावणं योग्य नाही, पण निम्मं धरलं तरी अर्ध्या कोटीहून जास्त खांदे होतात. एवढ्या मोठ्या दुखण्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं, याचं मला नवल वाटतं. मधुमेह म्हटलं की डोळे, मूत्रपिंड, पाय आणि हृदय. खांद्याचं नाव त्या यादीत क्वचितच येतं.

वैद्यकालाही हा खांदा उशिराच उमगला. १८७२ मध्ये फ्रेंच शल्यविशारद द्युप्ले यांनी सांध्याभोवतीचा दाह म्हणून त्याचं वर्णन केलं. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये खांद्यावरच्या त्यांच्या ग्रंथात दिलं. हा माणूस मोठा हट्टी होता. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं, हे रुग्णालयांनी तपासून जाहीर करावं, असा आग्रह धरून त्यांनी बोस्टनच्या वैद्यकविश्वाशी वैर घेतलं होतं. अशा माणसानेही या दुखण्याची व्याख्या, उपचार आणि कारण, तिन्ही अवघड असल्याचं मोकळेपणाने लिहून ठेवलं. १९४५ मध्ये ज्यूलियस नेव्हियासर यांनी सांध्याचं आवरण जाड होऊन हाडाला चिकटल्याचं निरीक्षण नोंदवलं. पुढे दुर्बिणीतून सांध्यात डोकावता येऊ लागल्यावर दिसलं ते थोडं वेगळं होतं. आवरण चिकटण्यापेक्षा आक्रसलेलं असतं.

हे आवरण म्हणजे कॅप्सूल. खांद्याचा सांधा गोल हाड आणि उथळ वाटी असा असल्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो. पण त्यासाठी भोवतीची पिशवी ढिली लागते. झब्ब्याला काखेत जास्तीचं कापड सोडलेलं असतं म्हणून हात वर करता येतो, तशीच या पिशवीला काखेच्या बाजूला एक सैल घडी असते. खांदा आखडतो तेव्हा ती घडी नाहीशी होते आणि सांध्याच्या पुढच्या वरच्या भागातला अस्थिबंध जाड, कडक होतो. एरवी ज्या सांध्यात वीसेक मिलिलिटर द्रव सहज मावतो, त्यात मग दहाही जात नाही. सुरुवातीला तिथे दाह असतो, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वाढलेले असतात. रात्रीचा ठणका त्यातून येतो. मग तंतू विणणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि विणता विणता स्वतःच आकुंचन पावून आवरण ओढून घेतात.

यात साखर कुठून आली? १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कमीय मेयार यांनी अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली आणि मिश्रण तपकिरी झालेलं पाहिलं. पावाच्या कडेला आणि बिस्किटाला भट्टीत येणारा रंग याच अभिक्रियेचा. शरीरात भट्टीचं तापमान नसतं, पण वेळ भरपूर असतो. रक्तातलं ग्लुकोज प्रथिनांना हळूहळू चिकटत राहतं, त्यासाठी एन्झाइमही लागत नाही. १९६८ मध्ये तेहरान विद्यापीठात सॅम्युएल राहबर वेगवेगळ्या लोकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन तपासत होते. मधुमेहींच्या नमुन्यांत त्यांना एक वेगळा पट्टा दिसला. ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन होतं. आज प्रत्येक मधुमेह्याच्या फायलीत असलेली एचबीएवनसी चाचणी तिथून आली.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं. पेशी संपली की तिच्यावरची साखरही गेली. सांध्याच्या आवरणातल्या, कंडरांमधल्या आणि त्वचेतल्या कोलॅजेनचं तसं नाही. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात, आणि सांध्यातल्या कूर्चेच्या कोलॅजेनला तर शंभराहून अधिक, म्हणजे ते व्यवहारात जन्मभर तेच राहतं. इतका काळ टिकणाऱ्या तंतूंवर चिकटलेली साखर पुढे आणखी बदलते आणि शेजारच्या दोन तंतूंना एकमेकांशी जखडून टाकते. असे तंतू ताणले जात नाहीत, आणि त्यांना तोडून नवे विणणं शरीरालाही जड जातं. शिवाय ही साखरजन्य रसायनं पेशींवरच्या एका विशिष्ट ग्राहकाला चिकटून दाह चेतवतात.

“माझं एचबीएवनसी आता साडेसहा आहे, मग खांदा का धरला?” हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि त्यामागे थोडा अन्याय झाल्याची भावना असते. त्याचं उत्तर या रसायनात आहे. साडेसहा हा या तिमाहीचा आकडा. कोलॅजेनवर मात्र निदान होण्याआधीची न कळलेली वर्षंही नोंदलेली असतात. अमेरिका आणि कॅनडात १९८३ मध्ये सुरू झालेल्या डीसीसीटी या प्रयोगातल्या टाइप-१ मधुमेहींची पुढे कित्येक वर्षांनी सांध्यांसाठी तपासणी झाली. तोवर त्यांच्या मधुमेहाला सरासरी तीन दशकं झाली होती. ३१ टक्के लोकांमध्ये खांदा आखडल्याचं आढळलं. हात आणि खांद्याच्या अशा तक्रारींचा संबंध मधुमेहाच्या कालावधीशी, एचबीएवनसीशी आणि त्वचेत साचलेल्या त्याच साखरजन्य रसायनांच्या खुणांशी होता. आज साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदा खांद्याला पुढच्या आठवड्यात दिसणार नाही. तो पुढच्या दशकात, आणि बहुधा दुसऱ्या खांद्याला मिळेल.

याच तपासणीत एक चाचणी होती ती आपण रोज करतो. नमस्कार. दोन्ही तळवे जुळवून कोपरं आडवी केली की बोटं मुळापासून टोकापर्यंत एकमेकांना टेकली पाहिजेत. मधुमेहात हाताची त्वचा आणि कंडरा ताठरल्या की मधे फट राहते. त्या गटात २२ टक्के लोकांच्या नमस्कारात अशी फट होती. बोट अडकून टक्‌कन सुटणं किंवा रात्री तळहाताला मुंग्या येणं, हीही बऱ्याचदा याच घराण्यातली दुखणी.

खांद्याचं प्रत्येक दुखणं हे नव्हे. आखडलेल्या खांद्याची खूण सोपी आहे: हात तुम्हाला स्वतःला हलवता येत नाही आणि दुसऱ्यालाही तो हलवून देता येत नाही. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवताना तो आधी अडतो. स्नायूची कंडरा फाटली असेल तर स्वतःला हात उचलत नाही, पण दुसऱ्याने धरून वर नेला तर बहुधा जातो. एक इशारा मात्र ठळक द्यायला हवा. डाव्या खांद्यात किंवा दंडात दुखणं अचानक सुरू झालं, हात हलवून त्यात काही फरक पडत नसेल, सोबत छातीत दाब, दम किंवा घाम असेल, तर तो खांदा समजू नका. मधुमेहात हृदयविकाराचा झटका पुष्कळदा ठळक छातीदुखीशिवाय येतो. अशा वेळी तडक इस्पितळ.

उपचारांकडे वळताना आधी एक गैरसमज. “आपोआप सुटतो, दीड-दोन वर्षं कळ काढा,” असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. दुखण्याचे काही महिने, ताठरपणाचे काही महिने आणि मग सुटण्याचा काळ, असे तीन टप्पे पुस्तकात असतात. एकूण एक ते तीन वर्षं. नंतरच्या पाहण्यांमध्ये दिसलं की बऱ्याच जणांचा हात पूर्णपणे पूर्वीसारखा होत नाही, आणि मधुमेहींमध्ये हे जास्त. त्यामुळे नुसती वाट पाहणं मला पटत नाही.

त्याच्या उलट टोकाचा गैरसमज जास्त घातक: जोर लावून सोडवायचा. कुणी हाडवैद्याकडून हात पिरगाळून घेतो, कुणी दात-ओठ खाऊन व्यायाम करतो. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, विशिष्ट कारण न सापडलेल्या फ्रोझन शोल्डरच्या ७७ रुग्णांवर दोन पद्धती पाहिल्या. एका गटाला वेदनेपलीकडे ताणणारी फिजिओथेरपी, दुसऱ्याला वेदनेच्या मर्यादेत राहून हलके व्यायाम. दोन वर्षांनी हलक्या व्यायामाच्या गटातले ८९ टक्के चांगल्या स्थितीला पोचले होते, तर ताणणाऱ्या गटातले ६३ टक्के. दाह चालू असलेल्या आवरणाला चिडवलं की ते आणखी आक्रसतं. पुढे वाकून हात लोंबता सोडून हलके झोके द्यायचे, बोटांनी भिंत चढायची, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वळवायचं. दिवसातून थोडं थोडं, अनेकदा.

पहिल्या, ठणक्याच्या काळात सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन खरोखर उपयोगी पडतं. मधुमेह्यांना त्याची भीती असते, आणि ती निराधार नाही: इंजेक्शननंतर काही दिवस, कधी आठवडाभर, रक्तातली साखर वर जाते. ती वाढणार हे धरूनच चालायचं. त्या दिवसांत ग्लुकोमीटरवर जास्त वेळा मोजायचं आणि इन्सुलिन घेत असाल तर मात्रेबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं. उलट वेदनाशामक गोळ्या लोक बिनधास्त महिनोन्‌महिने खातात. मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला त्या जास्त महाग पडू शकतात. एवढं करून खांदा सुटला नाही तर सांध्यात दाबाने द्रव भरून आवरण ताणणं, भूल देऊन हात हलवून मोकळा करणं, किंवा दुर्बिणीतून आवरण कापणं हे पर्याय आहेत. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘यूके फ्रॉस्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भुलीखाली हात मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया, यातलं कुठलंही वर्षअखेरीला बाकीच्यांपेक्षा निर्विवाद सरस ठरलं नाही. शस्त्रक्रियेत गंभीर गुंतागुंत मात्र जास्त होती. महागडा उपाय सुचवला गेला तर ही चाचणी आठवून दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

दरम्यान खांदा घेऊन जगायचं असतं. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. ब्लाउजला पुढे हूक. झोपताना पाठीवर पडून दंडाखाली छोटी उशी, नाहीतर चांगल्या कुशीवर वळून दुखरा हात पुढे उशीवर. रोज वापरायचे डबे खालच्या फळीवर. हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. न हलवलेला सांधा आणखी आखडतो. शेकाच्या पिशवीचं तापमान आधी चांगल्या हाताने पाहायचं, कारण मधुमेहाने संवेदना कमी झाल्या असतील तर भाजलेलं कळत नाही. ज्यांना मधुमेह असल्याचं माहीतच नाही, अशांनी खांदा आखडल्यावर साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यावं. थायरॉइडच्या विकारातही खांदा असाच धरतो. मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत डोळे आणि पाय पाहून झाले की डॉक्टरांनी ‘दोन्ही हात वर करा, आता पाठीमागे न्या’ एवढंच म्हणायचं असतं. त्यांनी नाही म्हटलं तर रुग्णाने स्वतःहून करून दाखवावं. अर्धं मिनिटही लागत नाही.