दुःखाच्या दारी पहिला येणारा माणूस

मी कामगार संघटनेत जन्म घालवलेला माणूस. धर्मगुरूंच्या शिक्षणाविषयी बोलणार म्हटल्यावर काही सोबती हसले. पण घरात मयत झाली की माणूस युनियनच्या कचेरीत येत नाही. तो महाराजांना, मौलवींना, भंतेजींना, मठाच्या स्वामींना बोलावतो. त्या पहिल्या माणसाची तयारी असावी, एवढेच माझे म्हणणे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा विशीतला. ढिगारे उपसायला गेलो होतो. तिथे एक बुवा सांगत होते, पापाचा घडा भरला होता. समोरच्या म्हाताऱ्याची दोन नातवंडे गेली होती. त्याने मला हळूच विचारले, "लेकरांनी काय पाप केलं असंल?" मला उत्तर सुचले नाही. बुवा दुष्ट नव्हते. दिवसभर भाकऱ्या वाटत होते. अशा वेळी काय बोलू नये, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. थोरांचीही इथे चूक झाली आहे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना उघड विरोध केला.

मग शिकवायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सार असे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला पाणी, औषध, निवारा हवा ते आधी पाहायचे. मग ऐकायचे, खोदून विचारायचे नाही, रडणाऱ्याला गप्प करायचे नाही, खोटा दिलासा द्यायचा नाही. शेवटी नातलगांशी, दवाखान्याशी गाठ घालून द्यायची. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर त्याला अंगाऱ्या-ताविजावर अडकवून ठेवायचे नाही. २०२२ पासून सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. कीर्तनात आणि जुम्म्याच्या खुतब्यात हा आकडा सांगायला काय हरकत आहे?

तंटा मिटवण्याचे काम याहून अवघड. १९४८ साली उदगीर बीदर जिल्ह्यात होते. आधी रझाकारांचा जुलूम झाला, पोलीस कारवाईनंतर मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत बीदर धरला. आपण यातली एकच आठवण मोठ्याने सांगतो. कोणती, ते गल्लीवर अवलंबून.

यंत्रमागांच्या भिवंडीने १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसे पोलिसांबरोबर नियमित बसू लागली. नळाची, गटाराची भांडणेसुद्धा तिथेच निघत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. संपाच्या धंद्यात आम्हांला हे पक्के ठाऊक आहे: मालकाचे दार ज्याने आधी कधी ठोठावले नाही, त्याला टाळेबंदीच्या रात्री कोणी आत घेत नाही.

या व्याख्यानाआधी मी आपल्या गावातल्या पाच महाराजांना विचारले, जवळच्या मशिदीच्या इमामांचे नाव काय? एकाला सांगता आले. मग पाच इमामांना उलटा प्रश्न विचारला. तिथेही एकालाच.