अडलेला बोल्ट आणि अडलेलें दार

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो सांगितल्यावांचून पुढील चार गोष्टी कोणी मनावर घेणार नाहीं. म्हणून घरची फजिती चारचौघांत मांडण्याचा संकोच बाजूस ठेवून आरंभ तेथूनच करितों.

आमचें घर कोंकणांतलें, जुनें, लांकडी चौकटींचें. पावसाळ्याच्या तोंडावर आळींत एक चोरी झाली, तेव्हां पुतण्यानें निजावयाच्या प्रत्येक खोलीच्या दारास आंतून एकेक जाड लोखंडी बोल्ट बसवून घेतला. त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, खोलीसही बसविला. वहिनींचें वय ७८. त्या खोलींत त्या एकट्याच निजतात. श्रावणांतल्या एका पहाटे त्यांना घेरी आली. भिंतीच्या आधारानें त्या दारापर्यंत आल्या आणि बोल्ट ओढूं लागल्या, तो जागचा हलेना. "भाऊजी, दार उघडत नाहीं हो," एवढेंच शब्द ऐकूं आले, आणि पाठोपाठ त्या दारापाशींच खालीं बसल्याचा आवाज झाला.

पुतण्या धांवत आला. आम्हां दोघांनीं दारास खांदे लावले. जों जों आम्ही ढकलावें, तों तों तो बोल्ट अधिकच घट्ट बसे. पुतण्या कुऱ्हाड आणावयास निघाला. पण दाराच्या मागें लागूनच त्याची आई बसलेली, घाव घालावा तरी कोठें? इतक्यांत सूनबाई स्वयंपाकघरांतून आली आणि म्हणाली, "काका, ढकलूं नका. दार आपल्याकडे ओढा, आणि खालून थोडें उचला. कोठीचें दार मी पावसाळाभर असेंच उघडतें."

तिनें पहार आणविली, अर्ध्या विटेवर टेकवून तिचें टोंक दाराच्या फळीखालीं सारलें आणि पुतण्यास दुसऱ्या टोंकावर पाय देण्यास सांगितलें. मीं कडी धरून दार बाहेर ओढलें. मग ती शांतपणें म्हणाली, "आई, आतां हात वर करा आणि बोल्टाची मूठ नुसती हलवा. जोर नका करूं." दोनदां खडखड झाली, आणि जो बोल्ट दोघां पुरुषांना दाद देईना, तो म्हाताऱ्या हातानें सरकला. डॉक्टरांनीं रक्तदाब उतरल्याचें निदान केलें. वहिनी आज पूर्ववत् हिंडत्या-फिरत्या आहेत.

माझा सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. अमरकोशाच्या पुरवर्गांतील 'अर्गल' शब्द मला लहानपणापासून पाठ. सप्तशतीच्या पाठाआधीं कवच, अर्गला आणि कीलक म्हणतात, त्यांतील अर्गला म्हणजे अडसर व कीलक म्हणजे खीळ, हेंही मीं कितीतरी मुलांना सांगितलें असेल. परंतु घरची अर्गला अडली तेव्हां ती कोठें अडली आहे, हें पाहण्याचें मला सुचलें नाहीं. तें त्या दिवसानंतर सुताराजवळ बसून शिकलों, आणि वाचकांपुढें ठेवीत आहें.

मुख्य गोष्ट ही कीं, बहुधा बोल्ट बिघडत नाहीं. दार आपली जागा सोडतें. बोल्ट हा सरळ दांडा. त्यानें समोरच्या कोयंड्याच्या घरांत सरळ शिरावें. दार किंचित् खालीं बसलें कीं दांडा घराच्या खालच्या कांठावर घासतो. पुढें आलें कीं बाजूच्या कांठावर दाबला जातो. दार आंत उघडणारें असेल तर बाहेरून ढकलणाराचें सारें बळ त्या दांड्याला कोयंड्यावर दाबण्यांतच खर्च होतें. आम्ही दोघे तेंच करीत होतों.

दार जागा सोडतें त्याचीं कारणें तीन. पहिलें पाऊस. लांकूड हवेंतील ओलावा शोषून फुगतें. मात्र तें रेषांच्या आडव्या अंगानें फुगतें, लांबींत जवळजवळ नाहीं. म्हणून पावसाळ्यांत दार रुंदीस वाढून चौकटींत दाटतें. सागवान कमी फुगतें, साधें लांकूड अधिक. दुसरें कारण बिजागऱ्या. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले कीं दाराचा मोकळा कोपरा खालीं लोंबतो. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढें उतरणेंही बोल्टास पुरें होतें. तिसरें गंज. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें चपखल बसणारा दांडा गंजल्यावर आपल्याच घरांत आवळला जातो.

यावरून अडचणीच्या वेळीं काय करावें तें उघड आहे. आधीं दांड्यावरचा भार काढावा, मग दांडा हलवावा. दार आंत उघडणारें असेल तर बाहेरच्यानें तें आपल्याकडे ओढावें. आंतल्यानें तें बाहेरच्या बाजूस रेटावें. दार उतरलेलें असेल तर खालून पहारीनें किंवा पाचरीनें उचलावें. दांडा एकदम ओढूं नये. मूठ वर-खालीं हलवीत थोडथोडा सरकवावा. हातोडीचे घाव दांड्यास वांकवितात, आणि वांकलेला दांडा मग कोणत्याच युक्तीस वश होत नाहीं. आंत लहान मूल असेल तर त्याच्याशीं हळू आवाजांत बोलत राहावें. ओरडण्यानें तें घाबरतें व दारापासून दूर पळतें. आंतल्या माणसाचा आवाज बंद झाला, किंवा खोलींत धूर अथवा गॅसचा वास असेल, तर युक्त्या करीत बसूं नये; १०१ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनि करावा.

प्रसंग टळल्यावर दुरुस्तीची पाळी. दांड्याच्या टोंकास काजळ लावून दार लोटावें व बोल्ट सारावा. कोयंड्यास जेथें काळें लागेल तेथेंच तो घासतो. तेवढाच कांठ कानशीनें झिजवावा. बिजागरीच्या स्क्रूचें भोंक मोठें झालें असेल तर त्यांत बांबूची काडी सरस लावून ठोकावी, आणि ती वाळल्यावर स्क्रू पुन्हां घट्ट बसवावा. भर पावसांत दारास रंधा मारण्याची घाई करूं नये. आश्विन-कार्तिकांत लांकूड वाळून आकसतें आणि मग फटींतून वारा येतो. गंज घासलेटानें काढून, कोरडें पुसून, शिवणयंत्राचें तेल दोन थेंब सोडावें. खोबरेल थंडींत थिजतें. जवसासारखीं तेलें हवेनें चिकट होऊन धूळ धरतात. म्हणून घरांतलें खाण्याचें तेल बोल्टास घालूं नये. किल्लीच्या कुलपांत मात्र पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चांगली.

आतां घरांतील कर्त्या मंडळींस एक विनंति. माझ्या आजोळच्या वाड्याच्या अडसरास भिंतींतल्या भोंकांत बोटभर मोकळीक असे. दार फुगलें तरी अडसर निघे. आजचा बोल्ट चपखल असतो, म्हणून त्याची निगाही अधिक लागते. रस्त्याकडील दारास बोल्ट कितीही भक्कम असावा. वृद्धांच्या खोलीस आणि न्हाणीघरास मात्र बाहेरूनही नाण्यानें फिरवून उघडतां येणारी कडी बसवावी. ती कमरेच्या उंचीवर असावी. आमच्या वहिनींचा हात बसल्या जागेवरून बोल्टापर्यंत पोहोंचला, तो केवळ सुतारानें बोल्ट तेवढ्या उंचीवर ठोकला होता म्हणून. डोक्याइतका उंच असता, तर सूनबाईची युक्तीही व्यर्थ गेली असती. न्हाणीघराचें दार शक्य तर बाहेर उघडणारें करावें, म्हणजे आंत कोणी पडलें तरी दार त्याच्या अंगानें अडत नाहीं.

मृगाच्या आधीं आपण कौलें चाळतों, लांकूडफांटा आंत घेतों. त्याच दिवशीं घरांतील प्रत्येक बोल्ट एकदां सारून पाहावा, आणि तो घरांतल्या सर्वांत अशक्त माणसाच्या हातानें सारवून पाहावा. तो हात पुरला तर बोल्ट ठीक आहे. आमच्या घरीं यंदा हें काम वहिनींकडे होतें. त्यांनीं नऊ बोल्ट पाहिले आणि दोन नापास केले.