वाचलेले बोलायचे कुणाशी?

पुस्तकावर प्रेम करणारा माणूस ओळखायचा कसा? घरातल्या कपाटावरून नव्हे. काचेची कपाटे आता आपल्या अनेक घरांत आहेत. त्यात बाबासाहेबांचे खंड आहेत, वर हार घातलेली प्रतिमा आहे. पुस्तकवेडा ओळखू येतो तो त्याच्या बोलण्यावरून. भेटल्याबरोबर, तब्येत विचारण्याच्या आधी, तो 'सध्या काय वाचताय?' असे विचारतो. तुम्ही उत्तर दिले तर वाद घालतो, नाही दिले तर स्वतःचे वाचलेले ऐकवतो. अशी माणसे आपल्या चाळीत, वस्तीत, गिरणीच्या खात्यात होती. आज पुस्तके वाढली. ही माणसे मात्र कमी झाली. आम्हाला ही गोष्ट चिंतेची वाटते.

पुस्तके वाढली याबद्दल दुमत नाही. ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला लागणारे पुस्तकांचे स्टॉल ज्याने पाहिले, त्याला हे सांगायला नको. घरून भाकरी बांधून आलेली माऊली परतताना पिशवीत पुस्तक घेऊन जाते. स्वतःला वाचता येत नसेल तर नातवासाठी नेते. पण आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ते पुस्तक घरी गेल्यावर त्याचे काय होते? ते उघडले जाते काय? आणि उघडले गेले तर त्यावर घरात दोन शब्द बोलले जातात काय?

जयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम चांगला आहे. आम्हीही त्यात मुलांसोबत बसलो आहोत. परंतु जयंती संपल्यावर ती मुले काय वाचतात? एका दिवशी अठरा तास बसण्यापेक्षा रोज अठरा पाने वाचणे अवघड आहे. कारण त्यासाठी बॅनर लागत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. मात्र हिशेब करून पाहा. रोजची अठरा पाने म्हणजे वर्षाला साडेसहा हजार पाने, म्हणजेच तीनशे पानांची एकवीस पुस्तके! आपल्यापैकी कितीजणांनी गेल्या वर्षी एकवीस पुस्तके वाचली?

बाबासाहेबांच्या वाचनाकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो. चमत्कार म्हटला की हात जोडायचे आणि मोकळे व्हायचे! प्रत्यक्षात त्या वाचनाला एक माणूस निमित्त झाला होता. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसायचा. तिथे येणाऱ्या एका शिक्षकाने त्याची विचारपूस केली. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर. त्यांनी त्या मुलाला पुस्तके द्यायला सुरुवात केली. भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून समाजातील मंडळींनी सभा भरवली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच पुढाकार होता. बागेतल्या मुलाची एका वडीलधाऱ्याने विचारपूस केली, तिचे मोल कोण करणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट घरात घडली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती नोंदवून ठेवली आहे. बुद्धचरित्र वाचून मुलगा गप्प बसला नाही. तो वडिलांकडे गेला. शूद्रांची आणि अस्पृश्यांची हीनता सांगणारे ग्रंथ तुम्ही आम्हाला आग्रहाने का वाचायला लावता, असा थेट प्रश्न त्याने रामजी सुभेदारांना केला. सुभेदारांनी मुलाला हाकलून दिले नाही, आपल्या परीने उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही, हा भाग वेगळा. परंतु वाचलेल्या पुस्तकावर बापाला जाब विचारता येतो, असे ते घर होते. आज आपल्या घरात कपाट आहे. मुलाच्या अशा प्रश्नाला जागा आहे काय?

आता दुसरी बाजू पाहा. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले. जात आडवी आली, राहायला घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत, अडगळीच्या सामानाने भरलेल्या वरच्या मजल्यावर, कंदिलाच्या उजेडात त्यांनी रात्री काढल्या. बोलायला माणूस नव्हता. तेव्हा त्यांनी पुस्तकांची सोबत धरली आणि वाचनात एकटेपणा विसरायचा प्रयत्न केला, हे त्यांनीच आपल्या आठवणीत लिहिले आहे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. एवढा विद्वान माणूस, अमेरिकेतल्या वर्गांत वादविवाद करून आलेला, आणि आपल्या देशात वाचलेले बोलायला त्याला एक माणूस मिळू नये! जातीने केवळ पाणी आणि रस्ता नाकारला नाही. तिने संवाद नाकारला.

आमच्या स्त्रियांच्या वाट्याला तर हे दुहेरी आले. फलटणच्या बेबीताई कांबळे वस्तीतल्या आपल्या लहानशा दुकानात बसत. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचून काढीत. पुढे ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचू लागल्या. लिहू लागल्या ते मात्र नवऱ्याच्या भीतीने लपवून, आणि ते लपवणे थोडेथोडके नव्हे, वीस वर्षांचे. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. विचार करा, रद्दीच्या कागदावरचे अर्धे वाक्य वाचून उरलेले अर्धे मनात जुळवणाऱ्या त्या बाईने घरात कुणाशी त्यावर चर्चा केली असेल? वाचनाची आवड तिने स्वतः कमावली होती. ऐकणारा कान मात्र घराने दिला नाही.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गिरणी कामगार आहेत. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली, पुस्तके गेली नाहीत. ते हातात पेन्सिल घेऊन वाचतात. पुस्तक संपले की शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख टाकतात आणि त्याखाली ज्याच्याशी त्या पुस्तकावर बोलणे झाले त्याचे नाव लिहितात. जुन्या पुस्तकांत तीन-तीन, चार-चार नावे आहेत. कुणी खात्यातला सोबती, कुणी चहावाला, कुणी विहारात येणारा मास्तर. अलीकडच्या पुस्तकांत तारीख आहे, खाली नाव नाही. आम्ही विचारले, तर म्हणाले, "वकीलसाहेब, वाचतो मी रोज. पण सांगू कुणाला? पोरं मोबाईलवर असतात." मोबाईलला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. त्या मोबाईलवरही वाचता येते. प्रश्न आजोबांपाशी दहा मिनिटे बसण्याचा आहे.

२० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये आणि अभ्यासवर्ग यांचा उल्लेख शेजारी शेजारी आहे. हे शेजारपण आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. वाचनालयात माणूस एकटा वाचतो, अभ्यासवर्गात ते चारचौघांत बोलतो. पहिले सुरू ठेवून दुसरे बंद केले तर पुस्तकांचे गोदाम उरते. आज कित्येक विहारांत पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असते. किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी ड्युटीवर!

यावर उपाय बाहेरून आणायला नको, तो आपल्याकडेच आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहाराविहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. अक्षरओळख नसलेली आजीही त्यात वाचक होते. पण वाचन संपले की सरणत्तयं, खीर, आणि सगळे घरी. आमची सूचना एवढीच आहे की, त्यानंतर पंधरा मिनिटे ठेवा. आज जे ऐकले त्यातले काय पटले, काय पटले नाही, हे उपासिकांनी आधी बोलावे, पुरुषांनी नंतर. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नये. तपासून घेतल्याशिवाय काही मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या तथागतांच्या विहारात प्रश्नाला बंदी असेल तर कसे चालेल? आणि वर्षावास संपल्यावर हेच आठवड्यातून एक दिवस, दुसरे पुस्तक घेऊन, चालू ठेवावे. कधी कथा घ्यावी, कधी संविधान, कधी आपल्या विचाराच्या विरोधातले पुस्तक. बाबासाहेब विरोधकांचे ग्रंथ आधी वाचत आणि मग खोडून काढीत, हे विसरू नये.

वकील म्हणून एक सांगतो. सार्वजनिक ग्रंथालयाला शासनमान्यता आणि अनुदान हवे असेल तर संस्थेची नोंदणी, हिशेब आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या अटी पाळाव्या लागतात. ज्यांना जमेल त्यांनी ते जरूर करावे. परंतु दहा माणसांनी एकत्र बसून एका पुस्तकावर बोलायला कुठल्याही कार्यालयाचा शिक्का लागत नाही. तो अधिकार संविधानाच्या १९ व्या कलमाने आपल्याला दिलेला आहे. तो न वापरता ठेवायचा काय?

तेव्हा येत्या रविवारी एवढे करा. कपाटाचे कुलूप काढा. एक पुस्तक निवडा, अठरा पाने वाचा आणि शेजारच्या घरातल्या वाचणाऱ्या म्हाताऱ्याला, बाईला किंवा पोराला त्याबद्दल सांगा. त्यांचेही ऐकून घ्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांचे नाव लिहायला विसरू नका.

जयभीम!